भूपच कशावरून, देशकार का नाही? आवाजाचं चित्र काढणं म्हणजे नेमकं काय

मी चित्रं काढतो, वेंगुर्ल्याजवळ राहतो, आणि गेली बरीच वर्षं जयपूर घराण्याच्या गायिका किशोरीताई आमोणकरांचा आवाज घेऊन काम करतोय. म्हणजे मागे गाणं लावलंय आणि पुढे समुद्राचं चित्र चाललंय असं नाही, त्या आवाजाचंच चित्र. हे सांगितलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, म्हणजे किशोरीताईंचं पोर्ट्रेट का? नाही. दुसरा, मग प्रत्येक सुराला एकेक रंग ठरलेला असतो का? या दुसऱ्याचं उत्तर मी स्वतःच एकेकाळी हो असं द्यायचो, आणि तिथेच फसलो होतो, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सावंतवाडीत एका छोट्या हॉलमध्ये आमचं चार-पाच जणांचं प्रदर्शन होतं. मी भूप रागाचं मोठं चित्र लावलं होतं आणि मनातून जाम खूश होतो, कारण मी अभ्यास करून काढलं होतं. तेराव्या शतकात आपल्या देवगिरीला, यादवांच्या सिंघण राजाकडे शार्ङ्गदेव होता, त्याने लिहिलेल्या संगीतरत्नाकरात सातही सुरांचे रंग दिलेत. षड्ज म्हणजे सा कमळाच्या रंगाचा, गांधार म्हणजे ग सोन्यासारखा, मध्यम म्हणजे म कुंदाच्या फुलासारखा पांढरा, पंचम म्हणजे प काळा, असं सगळं. भूपात पाचच सूर, सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत. मी ते पाच रंग घेतले, आरोह-अवरोहाप्रमाणे पट्टे मांडले, सोनेरी तर खास मागवला होता.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडच्या एक बाई आल्या. आयुष्यभर मुलांना गाणं शिकवलंय, आता वय झालंय, छत्री टेकत टेकत प्रत्येक चित्रापुढे थांबत होत्या. माझ्या चित्रापुढे खूप वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरां आसा रे झिला. पण ह्यो भूपच कशावरसून? देशकार कित्याक नाय?"

मला उत्तरच देता येईना, कारण देशकारातही तेच पाच सूर. सा रे ग प ध, सगळे शुद्ध, एकही जास्त नाही एकही कमी नाही. माझ्या हिशोबाने दोन्हींचं चित्र डिट्टो सारखंच आलं असतं. आणि ज्याने एकदा तरी हे दोन राग नीट ऐकलेत त्याला विचारा, दोन्हींचा स्वभाव किती लांब आहे एकमेकांपासून. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, सगळा ओढा खालच्या अर्ध्या सप्तकाकडे, गंधारावर येऊन बसणार, तिथून सा कडे उतरणार, परत खाली धैवताला, म्हणजे ध ला, हात लावून वर येणार. देशकार सकाळचा, त्याचं घर वर आहे, धैवतावर, वरच्या सा च्या आसपास त्याचा वावर, रिषभाला, म्हणजे रे ला, तर तो जेमतेम विचारतो. एकच किनारा, तेच खडक, पण भरतीला पाणी कुठे उभं राहतं आणि ओहोटीला कुठे, त्यावरून किनारा वेगळा दिसतो की नाही, तसंच आहे हे. खडक मोजून भरती कळत नाही.

तर सुराला रंग लावून आवाजाचं चित्र होत नाही. मग कशाने होतं? त्यासाठी आधी आवाज म्हणजे काय ते थोडं बघू, फार अवघड नाहीये.

गळ्यात दोन छोट्या पट्ट्या असतात, स्वरतंतू म्हणतात त्यांना. फुफ्फुसातून हवा वर आली की त्या उघडतात-मिटतात, भराभर. एखादी गायिका काळी चारच्या सा वर स्थिर उभी असेल तर तिच्या स्वरतंतूंची ही उघडझाप एका सेकंदात साधारण 208 वेळा होते. पण बाहेर येणारा आवाज नुसता 208 चा नसतो. त्याच्याबरोबर 416, 624, 832, 1040 अशी त्याच आकड्याच्या पटीतली कंपनं पण येतात, एकाच वेळी, कमीजास्त जोराने. यांनाच उपस्वर म्हणतात. तानपुऱ्यापाशी शांत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको, खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, तार छेडली की त्यात न वाजवलेला गंधार ऐकू येतो, स्वयंभू गंधार म्हणतात त्याला, तो हाच, मूळ कंपनाच्या पाचपटीचा. म्हणजे गंमत बघा, भूप ज्या गंधारावर येऊन बसतो तो गंधार गायिकेने तोंड उघडायच्या आधीच खोलीत हजर असतो. हे कळलं त्या दिवशी मी कितीतरी वेळ नुसता तानपुरा ऐकत बसलो होतो.

आता हे सगळे उपस्वर गळा, तोंड, जीभ, ओठ यांच्या पोकळीतून बाहेर येतात, आणि ती पोकळी काहींना उचलून धरते, काहींना दाबते. सा तोच ठेवून आधी 'आ' म्हणा मग 'ई' म्हणा. सूर हलला नाही, पण जीभ वर गेली, पोकळीचा आकार बदलला आणि आवाजाचा रंग बदलला. किशोरीताईंच्या जयपूर घराण्यात 'आ'कारावर, म्हणजे 'आ' लावून गाण्यावर, एवढा जोर का, तर जबडा मोकळा, तोंड उघडं, आवाज सगळीकडून सारखा उजळ. आणि दोन माणसांचे गळे, तोंडाच्या पोकळ्या सारख्या नसतात, म्हणून तोच सा तुमच्या तोंडून वेगळा आणि किशोरीताईंच्या तोंडून वेगळा. चित्रकाराला हवा असतो तो हा वेगळेपणा. स्वरलिपीत तो सापडणारच नाही, स्वरलिपीत फक्त सा लिहिलेला असतो.

पण तो डोळ्यांना दिसू शकतो. मोबाईलवर स्पेक्ट्रोग्राम दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात, एकदा करून बघाच. डावीकडून उजवीकडे वेळ सरकतो, खालून वर कंपनं वाढत जातात, आणि जिथे आवाजात जोर जास्त तिथे रेघ ठळक दिसते. बोलणं दाखवलं तर तुकडे तुकडे दिसतात, क आणि ट सारखी अक्षरं म्हणजे उभे फराटे. आणि मोठी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर मधे न तुटता घसरत जाणं, दाखवली की एकावर एक अशा आठ-दहा रेघा, सगळ्या एकाच वेळी, एकाच वळणाने खाली उतरताना दिसतात. ओहोटीला ओल्या वाळूत मोठ्या दातांची फणी टेकवायची आणि न उचलता वळवत न्यायची, जशा रेघा उठतील ना, सेम तशाच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं संपलं, चित्र तयार आहे, आता नुसतं कॉपी करायचं.

तसं करूनही बघितलं. चार-पाच कागद केले आणि सोडून दिलं. कारण स्पेक्ट्रोग्राम सगळं सारख्याच मायेने दाखवतो, तबला पण, तानपुरा पण, कोणीतरी खोकलं तर ते पण. त्याला माहीत नसतं की आत्ता प वरून ग वर येताना मधे जो क्षणभर रेंगाळलेला आवाज आहे त्याच्यासाठी सगळी मैफल श्वास रोखून बसलीये. नकाशात सगळे रस्ते असतात, पण तुम्ही कुठल्या रस्त्याने घरी आलात ते नकाशाला ठाऊक नसतं.

याच्या बरोब्बर उलटा प्रकार पण झालाय, आणि त्यात आपल्या बाजूचा एक आवाज आहे म्हणून सांगतो. 1977 मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली, त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे. तिच्यात जगभरातलं निवडक संगीत आहे आणि आपल्या हिंदुस्थानी संगीतातून एकच गाणं आहे, गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. पण त्याच तबकडीत 115 चित्रं पण आहेत, आणि ती चित्रं आवाजाच्या रूपात कोरलीयेत. म्हणजे चित्राची एकेक रेघ ध्वनीत बदलून खाचांमध्ये भरलीये, नुसती वाजवली तर खरखर आणि गुंगुं ऐकू येईल, उलगडून परत मांडली तर चित्र. गाणं आणि चित्र एकाच खाचेतून चाललेत सूर्यमालेच्या बाहेर. केसरबाई आणि किशोरीताईंच्या आई मोगूबाई कुर्डीकर, दोघीही गोव्याच्या आणि दोघीही जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, म्हणजे हे आपलं घरचंच.

अजून एक गोष्ट लोक मला व्हॉट्सॲपवर सारखी पाठवतात. पत्र्यावर वाळू टाकलीये, आवाज सोडला की वाळूची सुंदर नक्षी तयार होते, आणि खाली लिहिलेलं असतं की अमुक मंत्राची ही आकृती, तमुक रागाची ही आकृती. नक्षी खरी आहे, तिच्याखालचं वाक्य खरं नाही. क्लाड्नी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने 1787 मध्ये हे प्रयोग छापले होते. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरायची, कडेला व्हायोलिनचा गज ओढायचा, पत्रा जिथे हलतो तिथली वाळू उडते आणि जिथे स्थिर राहतो तिथे गोळा होते. आता पत्रा गोल घेतला की चौकोनी, जाड की पातळ, कुठे धरला, त्यावर आकृती बदलते. म्हणजे ती जितकी आवाजाची आहे तितकीच पत्र्याची. त्यातल्या त्यात मला जीव लावलेलं काम आहे ते मार्गारेट वॉट्स ह्यूजचं, वेल्सची गायिका होती, 1885 च्या सुमाराला तिने एक उपकरण केलं, नळीतून ताणलेल्या रबरी पडद्यावर गायचं, पडद्यावर पूड किंवा ओला रंग. लांब धरलेल्या सुरांनी त्यात पाकळ्यापाकळ्यांच्या फुलांसारखे आकार उमटायचे. तिने ते काचेवर उतरवून घेतले. स्वतःच्याच गळ्याने रंग हलवणारी बाई, मला तर फार जवळची वाटते.

मग यंत्र नको, तर आपल्या डोक्यात आवाजाचं चित्र होतं कसं? काही माणसांना आवाज ऐकला की खरोखर रंग दिसतात, त्याला सिनेस्थेशिया म्हणतात, पण ते थोड्याच लोकांना असतं आणि मला नाहीये. त्याची गरजही नाही. आपण मराठीत आवाजाबद्दल बोलतो कसं ते ऐका फक्त. आवाज जाड असतो, पातळ असतो, धारदार असतो, कोरडा असतो, खरखरीत, मऊ, गोड, भरीव, पोकळ. सूर चढतो, उतरतो. आवाज फाटतो, चिरकतो, आणि ज्याच्यात तानपुऱ्यासारखी झणक असते त्याला आपण जवारीदार म्हणतो. यातला एक तरी शब्द कानाचा आहे का? सगळे हाताचे, जिभेचे, डोळ्यांचे. कोहलर या मानसशास्त्रज्ञाने 1929 मध्ये लोकांना दोन आकृत्या दाखवल्या, एक गोलमटोल, एक टोकदार, आणि दोन अर्थ नसलेले शब्द दिले, एक मऊ आणि एक कडक, तर बहुतेकांनी मऊ शब्द गोल आकृतीला लावला. 2001 मध्ये रामचंद्रन आणि हबर्ड यांनी बूबा आणि किकी हे शब्द घेऊन तेच परत समोर आणलं. मी सुट्टीत गावातल्या मुलांना चित्रं शिकवतो तेव्हा 'गुळगुळीत' आणि 'कडकडाट' या दोन शब्दांच्या नुसत्या रेघा काढायला सांगतो. कोणी शिकवलेलं नसतं, तरी कडकडाटाला एकही पोर गोल रेघ काढत नाही.

आणि आपल्या परंपरेत हे इतकं मुरलेलं आहे की आपल्याला ते दिसतच नाही. राग हा शब्दच रंगवणे या अर्थाच्या धातूवरून आलाय. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर, आणि संगीतशास्त्रात वर्ण म्हणजे स्वरांची चाल, स्थायी, आरोही, अवरोही, संचारी. एकच शब्द! विष्णुधर्मोत्तर पुराणात वज्र राजा मार्कंडेय ऋषींना म्हणतो मला मूर्ती घडवायला शिकवा, तर ऋषी म्हणतात त्यासाठी चित्र यायला हवं, चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गायन. सगळं शेवटी गळ्यापाशी येऊन थांबतं. रागमाला चित्रं तर सगळ्यांना माहीत आहेत, तोडीच्या चित्रात वीणा घेतलेली बाई आणि भोवती हरणं. पण रागमालेत रागाचं ध्यान, म्हणजे त्याचं कल्पिलेलं रूप, रंगवलेलं असतं, तो राग गाणारा एक विशिष्ट गळा नसतो. एका विशिष्ट मैफिलीचं चित्र म्हणाल तर चित्रकार कँडिन्स्कीचं आठवतं, 2 जानेवारी 1911 ला म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गच्या संगीताची मैफल ऐकून आला आणि लगेच चित्र केलं, पियानोचा मोठा काळा आकार आणि बाकी सगळीकडे पिवळा पसरलेला. स्वर मोजत बसला नाही तो.

आता मी काय करतो ते सांगतो, कारण त्या बाईंच्या प्रश्नानंतर सगळं परत पहिल्यापासून शिकावं लागलं.

पहिलं म्हणजे रंग बाजूला ठेवले. नुसती शाई आणि कागद, डोळे मिटून ऐकायचं आणि एकच नियम, श्वास सुटेपर्यंत कुंचला उचलायचा नाही. किशोरीताईंचा श्वास, माझा नाही. करून बघा, हात भरून येतो, आणि कळतं की या बाईंचा आलाप किती लांब जातो आणि किती सावकाश वळतो. गंधारावर त्या थांबतात असं आपण म्हणतो, पण थांबत नाहीत, आतून तो सूर फुलत असतो, पातळ सुरू होतो, रुंद होतो, आणि परत बारीक होऊन पुढच्या सुरात विरघळतो. पेनाने हे येत नाही, पेनाची रेघ सगळीकडे सारखी जाड. कुंचल्यानेच येतं, दाब कमीजास्त करून.

दाबाचं मी शिकलो ते सावंतवाडीच्या चितार आळीत. तिथे लाकडी खेळण्यांवर लाख चढवताना बघितलंय का? लाकडाचा तुकडा कातावर, म्हणजे लेथवर, गरगर फिरत असतो आणि कारागीर लाखेची रंगीत कांडी त्याला टेकवतो. घासण्याने गरम होऊन लाख वितळते आणि रंग लाकडावर चढतो. हात जरा जोरात दाबला तर लाख गुठळ्या धरते, हलका पडला तर मधेच लाकूड उघडं राहतं. सगळी कमाल त्या मनगटात, एकसारखा दाब, ना कमी ना जास्त, तेव्हा कुठे तो आरशासारखा अखंड पट्टा येतो. मी तासभर बघत उभा होतो आणि कानात सा चालू होता. लांब सूर धरणं म्हणजे हेच आहे, हवेचा दाब तसूभर हलू न देणं.

मग रंग. मींड ही ओल्यावर ओला रंग सोडून येते हे मला पावसाळ्याने शिकवलं. आमच्याकडे श्रावणात हवेत एवढं पाणी असतं की कागद तासतासभर ओला राहतो, उन्हाळ्यात जो वॉश पाच मिनिटांत वाळतो तो पावसात सरकत राहतो. जांभ्या दगडाची पूड बारीक वाटून डिंकात कालवली की जो तांबूस तपकिरी रंग होतो तो मी गंधारासाठी वापरतो. सोनेरी तेव्हाच सोडला. एका रात्री लाईट गेलेली, मेणबत्ती लावलेली, मोबाईलवर भूप चालू, कागदावर वरच्या बाजूला पंचमाच्या जागी गडद रंग सोडला आणि कागद तिरका धरला. तो रंग खाली ओघळत ओघळत गंधाराच्या तांबूस ओलाव्यापर्यंत आला, आणि नेमकी कड कुठे संपली ते दिसेना. पंचम कुठे संपला आणि गंधार कुठे लागला ते गाण्यातही दिसत नाही. मधे कड नव्हतीच. त्या क्षणी मला खरंच रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आणि कोरा कागद. तो पण आवाजाचाच भाग आहे हे मला कळलं ते कुमार गंधर्व काढायला घेतले तेव्हा. ऐन उमेदीत त्यांना क्षय झाला, 1948 ला देवासला राहायला गेले, पाचेक वर्षं गाणं बंद, एक फुफ्फुस जवळजवळ निकामी. परत गायला लागले ते छोट्या, टोकदार, एकदम झेपावणाऱ्या तानांनी, आणि मधल्या शांततेसकट. किशोरीताईंच्या सवयीने मी लांब लांब ओले वॉश टाकत गेलो आणि सगळं चिखल झालं. कुमारांचं चित्र कोरड्या कागदावर काढावं लागतं, झटक्याने, आणि अर्ध्याहून जास्त कागद तसाच पांढरा ठेवावा लागतो, त्या पांढऱ्यात ते श्वास घेतायत. आवाज बदलला तर नुसता रंग बदलून भागत नाही, कागद, पाणी, कुंचला, बसायची पद्धत, सगळं बदलतं.

गेल्या भाद्रपदात, गणपती गेल्यावर, नवा भूप घेऊन मी त्या बाईंच्या घरी गेलो. ओटीवर उजेडात कागद धरला. कुठला राग ते मी सांगितलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, लावला, बोट कागदाला न टेकवता वरून खाली फिरवत आणलं, आणि मधे एका ठिकाणी जिथे मी दोन बोटं जागा पांढरी सोडली होती तिथे थांबल्या. "हयसर श्वास घेतल्यान काय रे?" मी म्हटलं, हो. मग त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, हलकेच गुणगुणत होत्या, ग रे सा ध, सा रे ग, आणि गंधारावर आल्या की मान किंचित हलायची. शेवटी कागद माझ्या हातात परत देत म्हणाल्या, "भूप आसा. पण गंधार अजून वायच जड होयो."

तेवढं मात्र अजून जमलेलं नाही. तीन कागद झालेत, चौथा पाटावर ताणून ठेवलाय.